पाहुण्याचं टोकन, मालकाचा अधिकार: एका फर्मवेअर दुरुस्तीच्या प्रकल्प नोंदी

४ ऑगस्ट २०२५, सोमवार

सकाळी सुरक्षेच्या मेलबॉक्समध्ये अहवाल आला. पाठवणारी व्यक्ती बाहेरची, स्वतंत्र संशोधक. चार परिच्छेद, एक छोटी स्क्रिप्ट आणि मुदत: नव्वद दिवसांनी जाहीर करणार, त्याआधी दुरुस्ती बाहेर पडली तर दोघं मिळून जाहीर करू. लिहिण्यात कुठंही फुशारकी नाही. अशा मेलला आधी उत्तर द्यायचं आणि मग नीट वाचत बसायचं, हा माझा नियम आहे. "मिळाला, आजच तपासायला घेतेय, गुरुवारपर्यंत कळवते" एवढं तासाभरात पाठवलं.

गाभा असा: आपल्या स्ट्रीमिंग बॉक्सला (टीव्हीला लावून इंटरनेटवरचे व्हिडिओ दाखवणारं यंत्र) फोन 'पाहुणा' म्हणून जोडला की एक टोकन मिळतं, म्हणजे पुढच्या प्रत्येक विनंतीसोबत दाखवायचा ओळखीचा पास. त्या टोकनवर सेटिंग्जची पूर्ण निर्यात मागितली, तर बॉक्स ती देऊन टाकतो.

ट्रॅकरवर कुणीतरी घाईत सीडब्ल्यूई-३०६ (सॉफ्टवेअर दोषांच्या प्रकारांच्या यादीतला क्रमांक) लावलं होतं. तो क्रमांक ओळखच न तपासण्याच्या दोषाचा. आपल्याकडे ओळख तपासली जाते, टोकन नसेल तर ४०१ ('ओळख पटली नाही') येतो. ओळख पटलेल्या माणसाला हे काम करायची मुभा आहे का, हे विचारायचं मात्र राहून गेलंय. म्हणजे ८६२. बदलून टाकलं. ३०६ समजून कुणी दुरुस्तीला बसलं असतं, तर टोकनची तपासणी आणखी कडक केली असती आणि भोक जिथल्या तिथं राहिलं असतं.

५ ऑगस्ट

दोन फोन, एक बॉक्स, टेबलावरचा टेस्ट राउटर. पहिला फोन मालक म्हणून जोडला: टीव्हीवर सहा आकडी कोड आला, तो फोनमध्ये टाकला. मग पाहुणा मोड चालू केला. पडद्याच्या कोपऱ्यात क्यूआर उमटला, दुसऱ्या फोनने तो टिपला. पाहुण्याच्या ॲपमध्ये जे दिसायला हवं तेवढंच दिसत होतं: शोध, प्ले, पॉज, आवाज. सेटिंग्जचं बटणच नाही.

आता लॅपटॉपवरून कर्ल, हाताने विनंती पाठवायचं साधन. हेडरमध्ये पाहुण्याचं टोकन, पत्ता निर्यातीच्या एंडपॉइंटचा (बॉक्स ज्या पत्त्यावर एक ठरावीक काम करून देतो तो). सेकंदाच्या आत २००, म्हणजे 'घ्या'. उत्तरातला जेसन मजकूर खाली सरकवत गेले. वेळक्षेत्र, भाषा, पडद्याचं रिझोल्यूशन, आणि मग 'वायफाय'. त्याखाली नेटवर्कचं नाव आणि त्याच्याखाली पासवर्ड, सरळ वाचता येईल असा. राउटरच्या पाठीवर मीच मार्करने लिहून ठेवलेला तो शब्द, शेवटच्या उद्गारचिन्हासकट. आणखी खाली मालकाने जोडलेल्या स्ट्रीमिंग खात्यांची रिफ्रेश टोकन, म्हणजे पासवर्ड न विचारता खात्यात पुन्हा शिरायच्या किल्ल्या.

टेस्टिंगमधली सहकारी मागे उभी होती. म्हणाली, "अगं, फॅक्टरी रीसेट मागून बघ की." मागितला. टीव्ही काळा झाला, लोगो आला आणि मग 'भाषा निवडा'. पाहुण्याने मालकालाच घराबाहेर काढलं होतं.

दोघी काही क्षण काहीच बोललो नाही. पाहुण्याच्या फोनवर सेटिंग्जचं बटण नाही, म्हणून पाहुणा सेटिंग्जना हात लावू शकत नाही असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. मी स्वतः डेमोमध्ये तसं सांगितलंय.

६ ऑगस्ट

दिवसभर एकच काम: राउटिंग टेबल (कोणत्या पत्त्याला कोणतं फंक्शन उत्तर देतं त्याची यादी) छापून घेतलं आणि प्रत्येक ओळीचा हँडलर, म्हणजे ते फंक्शन, उघडून वाचला. एंडपॉइंट ६४. टोकन तपासणारा थर सगळ्यांच्या आधी एकदाच चालतो, तो ठीक आहे. भूमिका (मालक की पाहुणा) तपासणारं फंक्शन मात्र प्रत्येक हँडलरने आपल्या पहिल्या ओळीत स्वतःच बोलवायचं, अशी रीत. ४१ जणांनी बोलवलंय. २३ जणांनी नाही.

या २३ पैकी काही निरुपद्रवी. आवाज वाढवणं पाहुण्याला चालतंच, तिथं तपासणी नसली तरी बिघडत नाही. पण उरलेल्यांची यादी वाचताना पोटात गोळा आला: निर्यात, आयात, फॅक्टरी रीसेट, मुलांच्या प्रोफाइलचा पिन बदलणं, जोडलेला फोन काढून टाकणं, डेव्हलपर मोड चालू करणं, लॉग दुसऱ्या पत्त्यावर पाठवणं, अपडेट कुठून आणायचं तो पत्ता बदलणं. अहवालात निर्यात एकटीच होती. बाकीचं त्या व्यक्तीने पाहिलं नसेल असं मी धरत नाही, आणि तिसऱ्या कुणी पाहिलं नसेल असं तर मुळीच नाही.

डेव्हलपर मोडवर लाल खूण केली. त्याने ५५५५ पोर्टवर एडीबी, म्हणजे दुसऱ्या संगणकावरून बॉक्सला हुकूम द्यायचं डेव्हलपरचं साधन, उघडतं. २०१८ च्या फेब्रुवारीत एडीबी.मायनर नावाचा किडा नेमक्या याच पोर्टवरून अँड्रॉइड टीव्ही बॉक्समध्ये शिरत होता आणि तिथं बसून क्रिप्टो नाणी खोदत होता. कारखान्यातून बाहेर पडताना हे पोर्ट बंद असतं, एवढ्यावर आम्ही निश्चिंत होतो.

संध्याकाळी तातडीचा उपाय: पाहुणा मोडचं फीचर-फ्लॅग (एखादी सोय दुरून चालू-बंद करायचा खटका) सर्व्हरवरून बंद केलं. बॉक्सला नवीन फर्मवेअर (बॉक्समधलं मूळ सॉफ्टवेअर) लागत नाही, पुढच्या संपर्कात क्यूआर दिसायचा थांबतो.

७ ऑगस्ट

काल रात्री घरी जाताना एक प्रश्न डोक्यात घोळत राहिला, सकाळी येऊन पहिल्यांदा तोच तपासला. फ्लॅग बंद केल्याने नवे पाहुणे थांबले. आधी जोडलेल्यांच्या टोकनचं काय?

ती चालतात. रीसेटनंतर परवाच पुन्हा जोडलेल्या दुसऱ्या फोनचं टोकन अजून २०० देतंय. कोडमध्ये पाहिलं, तर पाहुण्याच्या टोकनला मुदतच नाही. बॉक्सच्या फ्लॅशमध्ये (वीज गेली तरी टिकणारी साठवण) त्याची नोंद पडते आणि मालकाने हाताने काढेपर्यंत तिथंच राहते. कधीतरी एका संध्याकाळी घरी येऊन गेलेल्या माणसाच्या फोनमध्ये ती किल्ली अजून असणार. भाड्याच्या खोलीत किंवा प्रतीक्षागृहात लावलेल्या बॉक्सच्या किती किल्ल्या बाहेर फिरत असतील याचा हिशोब कुणाकडेच नाही.

म्हणजे फ्लॅगने रक्तस्राव कमी केला, थांबवला नाही. फर्मवेअर हाच उपाय. संशोधकाला आज कळवलं: दोष खरा आहे, तुम्ही सांगितलात त्यापेक्षा मोठा आहे, आणि आम्हाला काय काय सापडलं ते पुढे. पूर्ण यादी द्यावी की नाही यावर टीममध्ये थोडी ओढाताण झाली. मी द्यावी म्हणाले. शेवटी दुरुस्ती तीच व्यक्ती तपासणार आहे, तिच्यापासून लपवून काय मिळवायचं?

८ ऑगस्ट

हे आलं कुठून, ते शोधायला कोडचा इतिहास उलगडत बसले.

निर्यातीचा हँडलर माझा आहे. जुना बॉक्स देऊन नवा घेणाऱ्याला सगळं पुन्हा भरायला लागू नये म्हणून लिहिलेला. त्या वेळी पाहुणा ही कल्पनाच नव्हती. ज्याच्याकडे टोकन तो मालक, कारण टोकन मिळायचा एकच रस्ता होता: टीव्हीसमोर बसून कोड वाचणं. भूमिका तपासायला भूमिकाच नव्हत्या. रिव्ह्यूमध्ये कुणी बोट ठेवलं नाही, आणि ठेवायचं कारणही नव्हतं.

दीड वर्षाने पाहुणा मोड आला. ज्याने तो लिहिला त्याने भूमिका आणल्या, तपासणीचं फंक्शन लिहिलं, आणि त्याला आठवतील त्या ४१ जागी ते घातलंही. माझ्या हँडलरची एक ओळही त्या दिवशी बदलली नाही. त्यामुळे तो बदलाच्या यादीत आला नाही आणि रिव्ह्यू करणाऱ्याच्या नजरेखालून गेला नाही. पण त्या दिवसापासून त्याचा अर्थ बदलला. 'टोकन आहे म्हणजे मालक आहे' हे वाक्य कोडमध्ये कुठंही लिहिलेलं नव्हतं, ते आमच्या डोक्यात होतं. डोक्यातलं वाक्य खोटं पडलं तर कंपायलर ओरडत नाही.

पाहुणा मोड लिहिणारा सहकारी दुपारी माझ्या टेबलाशी आला. चेहरा उतरलेला. म्हणाला, "मी सगळे हँडलर बघायला हवे होते." मी त्याला राउटिंग टेबल दाखवलं आणि विचारलं, "या ६४ ओळींत कुठल्या ओळीला भूमिका लागते हे टेबलात बघून सांगता येतं का?" येत नाही. टेबलात पत्ता, मेथड आणि फंक्शन, एवढे तीनच रकाने. जी गोष्ट मांडायला जागाच नाही ती विसरली जाणारच. त्याच्यावर बोट दाखवून मला काही मिळणार नाही, रकाना वाढवला तर मिळेल.

११ ऑगस्ट

तीव्रतेचा आकडा ठरवायची बैठक. सीव्हीएसएस ३.१ (दोष किती गंभीर ते दहापैकी मोजायची पद्धत) प्रमाणे: हल्ला शेजारच्या नेटवर्कवरून, गुंतागुंत कमी, अधिकार कमी पण लागतो, वापरकर्त्याने काही करायला नको, आणि गोपनीयता, अखंडता, उपलब्धता तिन्हींवर मोठा परिणाम. उत्तर ८.०. 'अधिकार लागत नाही' असं धरलं तर ८.८. क्यूआर समोर लटकलेला असताना पाहुण्याच्या टोकनला अधिकार म्हणायचं का, यावर बराच खल झाला. मालकाने मोड चालू केल्याशिवाय क्यूआर दिसत नाही, म्हणून ८.० वर थांबलो.

मग वरून अपेक्षित प्रश्न आला: "घरच्या वायफायवरच आहे ना, बाहेरून कोण येणार?"

हा प्रश्न मला दर वेळी नव्याने अस्वस्थ करतो, कारण विचारणारा वाईट हेतूने विचारत नाही. घरचं नेटवर्क म्हणजे घरचा उंबरठा, असं चित्र सगळ्यांच्या मनात असतं. २०१८ मध्ये डीएनएस रीबाइंडिंगचे अहवाल आले तेव्हाच ते मोडलं. ब्राउझरमध्ये उघडलेलं एखादं पान डीएनएसची (नावावरून पत्ता सांगणारी सेवा) उत्तरं बदलून घरातल्या उपकरणांशी बोलू शकत होतं. गुगल होम, क्रोमकास्ट, रोकू, सोनोस अशा सगळ्या मोठ्या नावांना तेव्हा दुरुस्त्या कराव्या लागल्या. २०१९ च्या जानेवारीत राउटरच्या यूपीएनपीमुळे (उपकरणाने मागितलं की राउटर बाहेरचं दार आपोआप उघडतो ती सोय) इंटरनेटवर उघडे पडलेले क्रोमकास्ट कुणीतरी शोधून काढले आणि लोकांच्या टीव्हीवर न मागितलेला व्हिडिओ लावला. उंबरठ्याच्या आत आहे तो आपला, हे गृहीत धरून बांधलेलं यंत्र तेव्हापासून जुनं झालं.

आणि आपल्या बाबतीत तर एवढ्या लांब जायची गरजच नाही. पाहुणा आपणच आत बोलावलाय, तेही फीचर म्हणून. एवढं सांगितल्यावर बैठकीत पुन्हा तो प्रश्न निघाला नाही. दोन आठवड्यांचं बाकी काम पुढे ढकलायची परवानगी मिळाली.

१३ ऑगस्ट

रचना ठरली. राउटिंग टेबलाच्या प्रत्येक ओळीला चौथा रकाना: किमान भूमिका. तपासणी हँडलरमधून काढून टाकायची आणि टोकनच्या थराला लागून एकाच जागी करायची. हँडलरपर्यंत पोचलं म्हणजे परवानगी झाली.

पहिल्या मसुद्यात भूमिकांची क्रमवारी अशी होती: पाहुणा शून्य, मालक एक. दिसायला स्वाभाविक. पण टेबल सी भाषेतलं आहे. ओळीत एखादा रकाना भरला नाही तर सी त्यात गुपचूप शून्य भरते. म्हणजे उद्या कुणी नवा एंडपॉइंट जोडला आणि भूमिका लिहायला विसरला, की तो आपोआप पाहुण्याला उघडा. तोच दोष, नव्या कपड्यांत.

शून्याला 'कुणालाही नाही' असा अर्थ दिला. पाहुणा एक, मालक दोन, सेवा-केंद्र तीन. आता विसरलं तर एंडपॉइंट कुणालाच चालणार नाही, लिहिणाऱ्याला पहिल्याच चाचणीत ४०३ ('परवानगी नाही') मिळेल आणि तो शोधत टेबलापर्यंत येईल. विसरणं थांबवता येत नाही. विसरल्यावर दार बंद राहील एवढं करता येतं. संगणकशास्त्रज्ञ जेरोम सॉल्टझर आणि मायकेल श्रोडर यांनी १९७५ च्या निबंधात संरक्षणाची जी तत्त्वं मांडली, त्यात हे आहेच: मूळ स्थिती नकाराची असावी, परवानगी स्पष्टपणे द्यावी. पन्नास वर्षं झाली. ते वाक्य मी कॉलेजात पाठ केलं होतं. ते एका एनमच्या (नावं दिलेल्या आकड्यांची यादी) क्रमवारीत कसं उतरतं, ते या आठवड्यात समजलं.

जोडीला बिल्डमध्ये (कोडपासून फर्मवेअर तयार करताना) एक छोटी चाचणी: टेबल वाच, चौथ्या रकान्यात शून्य असलेली ओळ सापडली तर ओळीचं नाव सांगून बिल्ड पाड.

१४ ऑगस्ट

६४ ओळी भरल्या. प्रत्येक भूमिका दोघांनी वेगवेगळी लिहिली, मग ताडून पाहिली. सात ठिकाणी मतभेद. 'बॉक्सचं नाव वाचणं' पाहुण्याला द्यायचं का, यावर वीस मिनिटं गेली. दिलं.

१९ ऑगस्ट

दुसरं दार सापडलं.

प्रत्येक एंडपॉइंटवर प्रत्येक भूमिकेने विनंती करून बघणारी चाचणी टेस्टिंगमधल्या सहकारीने लिहिली. टोकन नाही, पाहुणा, मालक, सेवा-केंद्र: चार गुणिले ६४. सगळं हिरवं. मी खूश. ती नव्हती. तिने ॲप आणि बॉक्समधलं बोलणं वायरशार्कमध्ये (नेटवर्कवरचा संवाद टिपणारं साधन) पकडून ठेवलं होतं. त्यात पॉजचं बटण दाबल्यावर एचटीटीपीची नवी विनंतीच दिसत नव्हती. हुकूम गेला तो आधीपासून उघड्या असलेल्या वेबसॉकेटवरून.

टीव्हीवर काय चाललंय ते ॲपला सतत कळावं म्हणून ती वाहिनी असते. नंतर कधीतरी, उशीर कमी व्हावा म्हणून, तिच्यावरून हुकूम पाठवायचीही सोय झाली. हुकूम आला की वेबसॉकेटचा कोड हँडलरचं फंक्शन थेट बोलावतो. राउटिंग टेबल मध्ये येतच नाही. तिने वेबसॉकेटवरून पाहुणा म्हणून फॅक्टरी रीसेट पाठवला आणि टीव्ही पुन्हा काळा.

गेल्या आठवड्यात हँडलरमधल्या जुन्या तपासण्या मी स्वतः काढून टाकल्या होत्या, 'आता एकाच जागी होते' म्हणून. म्हणजे आधी वेबसॉकेटवरून ४१ तरी बंद होते. माझ्या दुरुस्तीने ते ४१ सुद्धा उघडले. हा बिल्ड आमच्या टेस्ट बॉक्सबाहेर गेला नव्हता एवढंच समाधान. सॉल्टझर-श्रोडरच्या यादीतलं आणखी एक तत्त्व: प्रत्येक वापर, प्रत्येक वेळी, तपासणीतूनच गेला पाहिजे. एक जागा पुरे हे खरं, पण प्रत्येक वाट त्या जागेवरून जाते हे आधी सिद्ध करायला हवं होतं.

आजची दुरुस्ती: हँडलर आता बाहेरून बोलावताच येत नाहीत, ती फंक्शन फाइलपुरती स्टॅटिक केली. बाहेर एकच प्रवेश उघडा आहे, आणि तो भूमिका घेतल्याशिवाय पुढे सरकत नाही. एचटीटीपी, वेबसॉकेट आणि सेवा-केंद्राची यूएसबी वाट, तिन्ही तिथूनच. यूएसबीची वाट मला आठवतही नव्हती. बाकी सगळं स्टॅटिक केल्यावर बिल्ड तिच्यापाशी अडलं, तेव्हा ती सापडली.

२१ ऑगस्ट

आणखी एक, यात माझी दिशा चुकली होती. पाहुण्याला 'थांबवा' चालतं, बरोबर. पण कुणाचं थांबवा? विनंतीत सेशनचा क्रमांक जातो आणि हे क्रमांक १, २, ३ असे ओळीने येतात. पाहुण्याने आपला ५ सोडून ४ पाठवला, की मालकाचा चाललेला व्हिडिओ बंद. प्रश्न 'काय हक्क आहे' एवढ्याने संपत नाही, 'कशावर हक्क आहे' हेही विचारायला लागतं. ओवास्प या वेब-सुरक्षा संस्थेच्या २०२३ च्या एपीआय-दोषांच्या यादीत हाच दोष पहिल्या क्रमांकावर आहे, आणि आपला मूळचा पाचव्या. सेशनला मालकीची नोंद जोडली. क्रमांक यादृच्छिक करायची सूचना आली, तीही केली, पण आधार मालकीच्या तपासणीचा. अंदाज न येणारा क्रमांक म्हणजे कुलूप नव्हे.

२६ ऑगस्ट

जुनी ॲप्स. पाहुण्याच्या फोनवरचं जुनं ॲप उघडल्या उघडल्या 'सेटिंग्ज आणा' अशी विनंती करतं, दाखवत नसलं तरी. आता तिला ४०३ मिळतो आणि ॲप 'बॉक्स सापडत नाही' म्हणून बसतं. ॲपवाल्या टीमने विचारलं, त्या एका एंडपॉइंटला सूट देता येईल का? निर्यात त्याच एंडपॉइंटचा मोठा भाऊ आहे, सूट दिली तर पुन्हा तेच. तोडगा: पाहुण्याला त्याच पत्त्यावर २०० आणि फक्त दोन क्षेत्रं, बॉक्सचं नाव आणि भाषा. जुनं ॲप चालतं, हाती काही लागत नाही.

२ सप्टेंबर

अपडेटचा पत्ता बदलणारा एंडपॉइंट. तो आता सेवा-केंद्रापुरताच आहे, पण तेवढ्यावर झोप लागली नाही. आपली इमेज (फर्मवेअरची फाइल) डिजिटल सहीची असते, खोटी इमेज बॉक्स घेत नाही, हे बरोबर. पण आपलीच मागच्या वर्षीची इमेजसुद्धा सहीची आहे. ती भरवली की दुरुस्त बॉक्स पुन्हा नादुरुस्त.

त्यावर उपाय तयार असतो: चिपमधल्या ई-फ्यूजचा मोजणीआकडा. इमेजमधला आकडा फ्यूजपेक्षा लहान असेल तर बूटलोडर (बॉक्स सुरू होताना सगळ्यात आधी चालणारा प्रोग्रॅम) ती नाकारतो. आम्ही तो आकडा गेल्या दोन वर्षांत वाढवलाच नाही. कारण साधं: फ्यूज एकदा जाळला की तो परत जोडता येत नाही. नव्या फर्मवेअरमध्ये काही बिघडलं तर मागे जायचा रस्ता बंद. ठरलं असं की रोलआउट पूर्ण होऊन निदान दोन आठवडे नीट गेल्यावर, वेगळ्या छोट्या अपडेटने आकडा वाढवायचा.

९ सप्टेंबर

१ टक्का बॉक्सना पाठवलं. अपडेट बसताना सगळी जुनी पाहुणा टोकन पुसली जातात, नव्यांना २४ तासांची मुदत.

११ सप्टेंबर

रोलआउट थांबवलं. तक्रार: "पाहुणा जोडला की लगेच बाहेर पडतो." सगळ्यांकडे नाही, काहींकडेच.

कारण शोधायला अर्धा दिवस गेला. बॉक्समध्ये घड्याळाला बॅटरी नाही. वीज गेली की तो उठतो तेव्हा त्याच्या लेखी १ जानेवारी १९७० असतो, इंटरनेटवरून वेळ मिळेपर्यंत. त्या अर्ध्या मिनिटात पाहुणा जोडला गेला तर टोकनची मुदत २ जानेवारी १९७०. वेळ मिळाली, बॉक्स एका उडीत २०२५ मध्ये आला आणि टोकन बाद.

तक्रार पाहुणा हकलला गेल्याची होती. मला धास्ती उलट्या बाजूची वाटली: आज दिलेलं टोकन, बॉक्स उद्या इंटरनेटशिवाय उठला, घड्याळ १९७० वर, आणि मुदत संपायला पंचावन्न वर्षं. याची तक्रार कुणी कधीच केली नसती. पाहुण्याची टोकन आता फ्लॅशमध्ये जातच नाहीत, फक्त रॅममध्ये राहतात आणि रीबूट झाला की जातात. मुदत मोजायला बूटपासून पुढेच चालणारं घड्याळ, भिंतीवरची वेळ नाही.

१८ सप्टेंबर

पुन्हा १ टक्का, मग १०, मग ५०. शांत.

२४ सप्टेंबर

सूचनेचा मसुदा. कोडपेक्षा याला जास्त वेळ गेला आणि जावा असंच मला वाटतं.

पहिल्या मसुद्यात वाक्य होतं: "या दोषाचा गैरवापर झाल्याचा कोणताही पुरावा आढळलेला नाही." वाचणाऱ्याला काय समजेल? की आम्ही शोधलं आणि काही नव्हतं. खरी स्थिती अशी की बॉक्स कोणती विनंती कुणी केली याची नोंद रॅममध्ये ठेवतो, तीही शेवटच्या काहीशे ओळींची, आणि रीबूटला पुसतो. निर्यात पाहुण्याने मागितली की मालकाने, हे त्यात लिहिलंच जात नव्हतं. पुरावा नसण्याचं कारण आम्ही डोळेच लावले नव्हते हे आहे. मी म्हटलं, ते वाक्य राहिलं तर सूचनेवर माझं नाव घालू नका.

दोन फेऱ्यांनंतर ते असं झालं: "गैरवापर झाला की नाही हे बॉक्समधल्या नोंदींवरून आम्ही सांगू शकत नाही. तुम्ही कधीही पाहुणा मोड वापरला असेल तर वायफायचा पासवर्ड बदला, जोडलेल्या स्ट्रीमिंग खात्यांतून 'सर्व उपकरणांतून बाहेर पडा' करा आणि मुलांच्या प्रोफाइलचा पिन नव्याने ठेवा." लोकांना त्रास होणार. घरातली झाडून सगळी उपकरणं नव्या पासवर्डवर आणायला लागणार. पण पासवर्ड एकदा बाहेर गेला की आमचं फर्मवेअर तो परत आणू शकत नाही, आणि हे त्यांना आमच्याकडूनच कळायला हवं.

पुढच्या आवृत्तीत मालकाच्या ॲपमध्ये 'कुणी काय केलं' अशी टिकणारी नोंद घालायचं काम माझ्या नावावर घेतलं. निर्यातीतून वायफायचा पासवर्ड कायमचा काढला. मालकालासुद्धा मिळणार नाही. नव्या बॉक्सवर तो हाताने टाकायला अर्धं मिनिट लागतं.

१ ऑक्टोबर

सीव्हीई क्रमांकासह (जाहीर दोषांच्या सार्वजनिक यादीतला क्रमांक) सूचना बाहेर. संशोधकाने त्याच तासाला आपला लेख टाकला, नव्वद दिवस व्हायला महिना बाकी असताना. त्याआधी तिने, लेखातल्या क्रियापदांवरून मला आज पहिल्यांदा कळलं की ती आहे, दुरुस्त फर्मवेअर स्वतः तपासून दिलं होतं. ६४ एंडपॉइंट, तीन वाटा. एक शेरा होता: काही ठिकाणी आपण ४०३ च्या सोबत 'हे मालकालाच शक्य आहे' असं लिहितो, त्यातून नसलेल्या आणि असलेल्या एंडपॉइंटमधला फरक कळतो. बारीक आहे. दुरुस्त करतेय.

१७ ऑक्टोबर

फ्यूजचा आकडा वाढवणारं अपडेट आज सोडलं. सोडण्याआधी बटणावर बोट ठेवून आम्ही तिघं थोडा वेळ नुसते बसलो होतो. यानंतर मागचं फर्मवेअर हे अपडेट मिळालेल्या कुठल्याच बॉक्सवर चढणार नाही, आम्हाला स्वतःला हवं झालं तरी. टेबलावरच्या बॉक्सवर पहिलं लावलं. मग जुनी सहीची इमेज यूएसबीवरून भरवून पाहिली. सिरियल कन्सोलवर बूटलोडरची एक ओळ आली, आवृत्ती नाकारली, आणि बॉक्स नव्यावरच उठला.

जे बॉक्स कपाटात बंद पडून आहेत त्यांच्यापर्यंत यातलं काहीच पोचलेलं नाही. सर्व्हरचं फ्लॅग जुन्या आवृत्त्यांसाठी बंदच ठेवतोय, मुदत न ठरवता. ॲप जुनं फर्मवेअर असलेल्या बॉक्सशी जोडलं गेलं की आधी अपडेट मागतं, मग बाकीचं.

दुपारी नोंदींच्या कामासाठी नवा एंडपॉइंट जोडला, पासष्टावा. पत्ता लिहिला, मेथड लिहिली, हँडलर लिहिला, बिल्ड लावलं आणि पाणी प्यायला उठले. परत येऊन बघते तर बिल्ड पडलेलं, खाली माझ्याच एंडपॉइंटचं नाव. चौथा रकाना भरला नव्हता. 'मालक' लिहिलं आणि पुन्हा लावलं.